जिच्या हातात गाळणी

सोमवार, ४ मार्च

वन्सं शनिवारी जाणार! मला नाही सांगितलं. बोक्याला सांगितलं. मी ओट्याशी, बोका दारात, आणि त्याच्याकडे बघत म्हणतात, "शनिवारी धाकटीकडे जातेय रे बाबा, कायमची. ट्रंक काढून ठेवलीय. उगाच कुणाला अडचण नको." बोका पाय चाटत बसला. त्याला काय!

कुणाला म्हणजे मला. ह्यांची थोरली बहीण. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून ह्या घरात. हे गेले त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून आम्ही दोघी एका छपराखाली आहोत आणि एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही.

भांडण नाही हं. गाळणी नाही.

मंगळवार, ५ मार्च

गाळणीचं लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझं मलाच खरं वाटायचं नाही.

हे सिग्नलमन. आमच्या स्टेशनापुढे लाईन एकेरी. तिथे रेल्वे कंपनीच्या काळापासूनचा नियम असा, की ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा असेल तरच त्याने गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत न्यायची. एका वेळी एकच गोळा बाहेर, म्हणजे दोन गाड्या समोरासमोर यायच्याच नाहीत. गोळा कातडी पिशवीत, पिशवीला वेताचं मोठं कडं. ड्रायव्हरने धावत्या गाडीतून हात घालून ते उचलायचं. साता समुद्रापलीकडची कंपनी गेली, सरकार आलं, पण गोळा तोच!

मी नवी असताना वन्सं आणि मी एकाच वेळी बोलायचो. थांबायची दोघींपैकी एकीलाही सवय नव्हती. एकदा हे ड्यूटीवरून आले आणि आम्ही दोघींनी त्यांना दारातच गाठलं. ह्यांनी शांतपणे खिळ्यावरची चहाची गाळणी काढली. तीही तशीच की, गोल कडं आणि खाली पिशवी! ती वर धरून म्हणाले, "ही एकेरी लाईन आहे. जिच्या हातात गाळणी, तिचीच गाडी. दुसरीने सिग्नलला उभं राहायचं."

आम्ही पोट धरधरून हसलो. पण नियम लागला तो लागलाच. पाहुण्यांसमोर मी "गाळणी द्या जरा" म्हटलं, की बिचारे चहाची वाट बघत बसायचे. ह्यांना मात्र गाळणी कधी मिळाली नाही. हात पुढे करायचे, तोवर दुसरीने ओढलेली असायची.

हे गेले. माणसं आली, बसली, पांगली. मग आम्ही दोघींनी एकदमच खिळ्याकडे पाहिलं. गाळणी नाही. वन्संनी नजर वळवली. मी मनात म्हटलं, वन्संनीच लपवली! भाऊ त्यांचा ना, शेवटचा शब्दही त्यांचाच हवा!

तेव्हापासून सिग्नल पडलेलाच नाही.

बुधवार, ६ मार्च

चहा फडक्यातून गाळला. मध्ये शेजारणीने नवी गाळणी आणून दिली होती, स्टीलची, चकचकीत. वन्संनी उलटसुलट करून पाहिली आणि कपाटात ठेवून दिली. मीही बाहेर काढली नाही. दुसऱ्या टप्प्याचा गोळा आपल्या टप्प्यात चालत नाही, एवढं आम्हालाही कळतं!

आज ट्रंकेत उशी गेली.

गुरुवार, ७ मार्च

लायब्ररीतून कंपनीचा इतिहास परत घरी आणला. जाडजूड, उशाशी घेतला तर मान धरेल. ह्यांनी मागच्या वर्षी आणला होता. रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायचे. बोगद्याच्या प्रकरणात राहिला. खुणेसाठी घातलेलं जुनं तिकीट अजून तिथेच! वर्षभरात कुणी पुस्तक उघडलंच नाही. बरं झालं.

मी स्टेशनातल्या पाट्यांवरून वाचायला शिकले. त्यामुळे अजूनही ठळक अक्षरं आली की थांबावंसं वाटतं. तरी बसले, आणि मोठ्याने वाचलं. वाचणं म्हणजे काही बोलणं नव्हे. नियमात बसतं.

तर बोगदा. कंपनीने डोंगराच्या दोन बाजूंना दोन साहेब बसवले. दोघांचं एका मेजवानीत बिनसलं. कोण आधी खुर्चीवर बसला, एवढ्यावरून! मग बोलणंच बंद. ह्याने इकडून खणायचं, त्याने तिकडून, आणि मापं पोचवायची खानसाम्याने. खानसामा बिचारा मापं सांगणार की रस्सा ढवळणार? शेवटी दोन्ही बोगदे एकमेकांच्या शेजारून गेले. दगडाच्या पलीकडे दुसऱ्यांच्या कुदळीचे आवाज येत होते म्हणे, पण विचारणार कोण!

दाराआड हालचाल झाली. मग वन्सं बोक्याला म्हणाल्या, "पुढे काय झालं असेल रे? की इथेच डबे तोडून गाडी थांबवणारेत?"

बोक्याच्या सोयीसाठी पुढे वाचलं. मजुरांनीच मधला दगड फोडला आणि पलीकडच्यांच्या गळ्यात पडले. म्हणून त्या बोगद्यात अजून गाडीला तो वेडावाकडा झोला बसतो. साहेबांचे मिशांसकट फोटो आहेत. दगड फोडणाऱ्यांचं मात्र एकही नाव नाही. त्यांत ह्यांचे आजोबा होते. कंपनीचा इतिहास आहे, कंपनीच बोलणार. गाळणी तिच्या हातात!

हे असते तर ह्यावर हसले असते. हसताना त्यांना ठसका लागायचा. मी पाणी आणायला उठलेसुद्धा.

शुक्रवार, ८ मार्च

पुस्तक संपलं. शेवटी कंपनीचे नियम छापलेत. एक दोनदा वाचला. मोठ्याने.

गोळा हरवला, तर लाईन बंद ठेवायची. पण कायमची नाही! एक माणूस नेमायचा आणि त्याच्या दंडाला लाल पट्टी बांधायची. मग तो माणूस हाच गोळा. त्याने स्वतः समोर उभं राहून सांगितल्याशिवाय त्या टप्प्यात एकही गाडी सुटणार नाही.

बोक्यालाही कुणी काही बोललं नाही.

ह्यांचं फाटकं लाल निशाण माझ्या कपाटात आहे, अजून तेलाचा वास येतो. कात्री घेऊन बसले. ठेवली. परत घेतली. एका कडेची पट्टी कापली. बाकीचं निशाण घडी करून होतं तसं ठेवलं.

शनिवार, ९ मार्च

सकाळी गाडीवाला दारात. वन्सं चपला घालून तयार. मी आडवी उभी राहिले, दंडाला लाल पट्टी.

"माझ्या परवानगीशिवाय ही गाडी सुटणार नाही."

वर्षातलं पहिलं वाक्य! आवाज असा घोगरा, की बोका पळाला.

वन्संनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला गं कोणी नेमलं?"

"मीच. ह्या स्टेशनात दुसरं उरलंय कोण?"

"गाठ तरी नीट मारायचीस. ह्या गाठीवर मालगाडीसुद्धा थांबायची नाही." जवळ आल्या, गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"वन्सं, जाऊ नका. मला हे घर एकटीला ऐकवत नाही."

तेवढ्यात गाडीवाला म्हणतो, "बाई, ट्रंक चढवू का? फारच हलकी आहे."

उघडली. आत ती उशी, आणि दुसरं काही नाही!

"मला वाटलं बोका निरोप लगेच पोचवेल," वन्सं म्हणाल्या. "मेल्याने आठवडा लावला."

मग आम्ही दोघी एकदम बोलायला लागलो. एकदम! समोरासमोर धडक, आणि कुणालाही लागलं नाही. गाडीवाला चहा पिऊन गेला. फडक्यातून गाळलेला.

रविवार, १० मार्च

आज विचारलं. गाळणी कुठे ठेवलीत हो?

"त्याच्या कोटाच्या खिशात घातली. त्याला शेवटचं नेताना. आपल्या दोघींत त्याच्या हाती कधी लागली होती का? म्हटलं, तिकडे तरी बोलू दे."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगणार कशी? गाळणी कुठे होती!"

म्हणजे वर्षभर ती हरवलेली नव्हतीच. ह्यांच्याकडे होती. बोलायचा नंबर ह्यांचा होता. आम्ही दोघी रुसलो नव्हतो, ऐकत होतो.