झाकणासकट तीन पातेली

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा तंबू आणि ताडपत्र्या शिवणे, गुडघे सोडले तर बाकी सगळं शाबूत असताना, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या अकलेने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. आधीचं एक होतं, ते फाडलं आहे.

कलम एक. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या नवऱ्याला. मुलाला त्याचं घर घेताना द्यायचं ते दिलं आहे. यात त्याला काही नाही. म्हणूनच तो साक्षीदार चालेल, असं वकीलबाई म्हणाल्या.

कलम दोन. शिलाई मशीन, दाभणं आणि मोठी कात्री दुकानातल्या मदतनीस बाईंना. त्या कात्रीने कुणी कागद कापला तर गाठ माझ्याशी आहे, मेले तरी.

कलम तीन. ह्यांनी हौसेने आणलेला सात भांड्यांचा चकचकीत संच भंगारात द्यावा. डोंगरावर पहिल्याच मुक्कामी त्यातल्या मोठ्या पातेल्याचा दांडा निखळला आणि सगळ्यांचा भात मातीत गेला. धाकटे दीर अजून त्यावरून टोमणे मारतात. त्यांना त्यातलं एक भांडं आठवण म्हणून द्यावं.

कलम चार. एकात एक बसणारी तीन काळपट पातेली माझ्या सुनेला. कागदोपत्री ती आता सून नाही, ठाऊक आहे. मुलाची नसेल, माझी आहे.

ही पातेली तिनेच निवडली. त्या दिवशी मी भांड्यांच्या दुकानात तिच्याबरोबर होते. काय ती पारख! जाडसर हातमोजा घालून दांडा धरून बघितला. पातेल्यात पाणी भरून ओतून बघितलं. बूड रुंद हवं, नाहीतर ज्योत बाजूने वाया जाते, म्हणाली. डोंगरावर न्यायचा घडीचा छोटा स्टोव्ह सगळ्यात आतल्या पातेल्यात बसतो का, झाकण उलटं केलं की तवा होतो का, सगळं तपासलं. दुकानदार वैतागला, "ताई, भांडी घ्यायचीत की स्थळ बघताय?"

"स्थळ एवढं बघितलं असतं तर आणखी काय हवं होतं!" ती म्हणाली. मी खो खो हसले. तेव्हा मला ती थट्टाच वाटली.

भात मातीत गेला त्या मुक्कामी, सोसाट्याच्या वाऱ्यात, उरल्यासुरल्या गॅसवर हिने सहा जणांचं जेवण स्वतःच्या पाठपिशवीतून आणलेल्या याच पातेल्यांत केलं. तंबू माझा टिकला, पण पोट तिने भरलं. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

वेगळी झाली तेव्हा पातेली लख्ख घासून माझ्या दारात घेऊन आली. "आई, ही घरची आहेत." तेव्हापासून आमचं डोंगरावर जाणं बंद आहे. तिच्याशिवाय मला जायचं नाही. झाकण तेवढं मुलाकडे राहिलं. मागितलं की म्हणतो, सापडत नाही.

सहीआधीची दुरुस्ती. मुलगा आत्ताच सही करायला आला. वरचं सगळं वाचलं, उठून स्कूटरच्या डिकीतून झाकण घेऊन आला. "रोज अंडी करतो यात. चिकटत नाहीत गं. तिला दे."

तर कलम चार रद्द. माझ्या मरणाची वाट कशाला बघायची? रविवारी मी स्वतः पातेली घेऊन तिच्याकडे जाते, झाकणासकट. तंबू उसवला होता, तो शिवायला घेतला आहे.

सही: तंबूवाली आई
साक्षीदार १: मुलगा
साक्षीदार २: तळमजल्यावरचे डॉक्टर
स्थळ: आमचं जेवणाचं टेबल
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३