ऑटिलियाच्या वहीतील खंड

पिस्कॅटवे, १८ मार्च २०२४

ती. सुमित्राआजीस, अबोलीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मराठीतच हवं ही तुझी अट पाळते आहे. माझ्या पीएच.डी.तला ऑटिलियाचा चॅप्टर अडलाय. सतराव्या शतकातल्या एका जर्मन ज्योतिर्विदाची ही बायको. ताऱ्यांच्या निरीक्षणांची वही सगळी तिच्या अक्षरात. पुस्तक छापलं नवऱ्याच्या नावे. माझ्या गाइड म्हणतात, पाहिलं त्याने, तिने नुसतं उतरवून काढलं. एप्रिलअखेर पुरावा नाही मिळाला, तर चॅप्टर कॅन्सल. तुला पंचांगाचं वेड, म्हणून वहीतल्या तारखा पाठवते आहे.

डोक्यावर हात असू दे.
अबोली

बॉथेल, फाल्गुन वद्य एकादशी

चि. अबोलीस अनेक आशीर्वाद.

पूजा आटोपून तारखा वाचल्या. आई आता जर्मनांचे पंचांग तपासते, अशी तुझ्या सिद्धेशकाकाने चेष्टा केली. तीन निरनिराळ्या वर्षी सुमारे चाळीस दिवस नोंदच नाही. एक खंड माघातला, एक ज्येष्ठातला, एक आश्विनातला. तेव्हा ढगांना दोष देता येत नाही. नक्षत्रे सोयर पाळीत नाहीत, बाळंतीण पाळते. आपल्याकडे सव्वा महिना तिला उघड्यावर येऊ देत नसत. तिकडची रीत पाहा, आणि त्यांच्या देवळात मुलांची नोंद होत असल्यास तीही काढ. नवरा पाहत असता, तर त्याने तेव्हाही पाहिले असते आणि तिने मागाहून उतरविले असते.

वेळेवर जेवावे. प्रकृतीस जपून असावे.
सुमित्रा

पिस्कॅटवे, १८ एप्रिल

ती. आजीस सा. न.

चर्चच्या रजिस्टरमध्ये तीन बाप्तिस्मे सापडले, प्रत्येक खंड सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांतले. बाळंतिणीने सहा आठवडे घरात राहायची रीत तिकडेही होती. गाइडनी तारखा दोनदा ताडून पाहिल्या आणि चॅप्टर राहील म्हणाल्या. तळटीपेत तुझे आभार मानायचे आहेत. ‘माझी आजी’ लिहू, की नाव? आणि तुला हे पहिल्याच वाचनात कसं दिसलं?

तुझीच,
अबोली

बॉथेल, चैत्र पौर्णिमा

चि. अबोलीस आशीर्वाद.

तुझ्या आजोबांची स्तोत्रटीका तू पाहिली आहेस. अर्थ मी सांगत असे; अक्षरही माझेच. मूळ वहीत एके जागी सव्वा महिन्याचा खंड आहे, तो सिद्धेशच्या जन्माचा. प्रस्तावनेत नेत्रविकारामुळे विलंब झाल्याचे लिहिले आहे. त्यांची दृष्टी अखेरपर्यंत उत्तम होती.

फळाची अपेक्षा धरू नये, असे मी मानत आले आणि आजही मानते. परंतु एकाचे कर्म दुसऱ्याच्या नावे लिहावे, असे कोणत्या शास्त्रात आहे, ते इतकी वर्षे वाचूनही मला आढळले नाही. म्हणून तळटीपेत नाव घाल. आपल्या रीतीप्रमाणे पूर्ण घाल, सुमित्रा जगन्नाथ. त्यांच्या पुस्तकात माझे राहून गेले. माझ्या तळटीपेत त्यांचे राहू नये.

लोभ आहेच, तो असाच वाढता असावा.
सुमित्रा