वर्गात मारलेला वाघ

अण्णा, आज नातीच्या शाळेत जाऊन आले. आपलं घराणं इथे जर्मनीत, डार्मश्टाटला कसं आलं ते मुलांना सांगा, म्हणून तिच्या बाईंनी बोलावलं होतं. असंच बोलावणं आलं म्हणून तुम्ही माझ्या चौथीच्या वर्गात आला होतात, आणि त्या दिवशी माझ्या मनातून उतरलात ते उतरलातच. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की स्पष्ट बोलायला हरकत नाही.

युद्धानंतर गावात बाहेरून आलेली घरं पुष्कळ होती, म्हणून आमच्या बाईंनी प्रत्येक घरातल्या मोठ्या माणसांना बोलवायचं ठरवलं होतं. आधी एका निर्वासित मुलीची आजी आली. खुर्चीत बसली, पिशवीतून एक पळी काढली आणि म्हणाली, हातगाडी ढकलत आलो, थंडी फार होती, घरातलं एवढंच उरलं, धाकटी बहीण वाटेत गेली. बस. वर्गात कुणी हललं नाही. पुढची पाळी आपली होती, म्हणून मी घरी येऊन हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसलात. "पळी? अगं, आपण या गावातलं पहिलं मराठी घर. पायोनियर! मुलांना काहीतरी भव्य दिसलं पाहिजे."

भव्य म्हणजे फेटा. आजोबा पोस्टात कारकून, काळ्या टोपीपलीकडे त्यांची मजल नव्हती, तुम्ही तर तीही कधी घातली नाहीत. घरात फेटा येणार कुठून? मग तुम्ही आईचं लुगडं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलंत आणि काठ बायकी दिसतात म्हणून कात्रीने कापून काढलेत. "अहो, एवढं एकच नऊवारी आहे माझ्याजवळ. आईने दिलेलं आहे," आई म्हणाली. "इथे नेसतेस कधी तू?" हे तुमचं उत्तर. एवढं करून तो तुम्हाला बांधता येईना. तीनदा सुटून गळ्यात आला. शेवटी आईनेच तुम्हाला स्टुलावर बसवून बांधून दिला, भावांच्या लग्नात बघून शिकली होती म्हणून. कापलेले काठ तिने घडी करून ठेवले. मी बघत होते.

तुम्ही फळ्यासमोर उभे आहात, छाती पुढे. घराण्याला गढी मिळते, दारात हत्ती झुलतात आणि बोलता बोलता तुम्ही एक वाघ मारता. मुलं आ वासून ऐकतात, बाई "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, असं करत मान डोलावतात. अण्णा, घरमालकिणीचं ते टीचभर कुत्रं जिन्यात दिसलं की तुम्ही काहीतरी विसरल्याचं सोंग करून परत वर यायचात. वाघ म्हणे! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

इथवर असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण एका मुलीने मागच्या बाकावर बसलेल्या आईकडे बोट दाखवून विचारलं, "आणि त्या काय करतात?" तुम्ही म्हणालात, "ती आमच्या घरची राणी. काम करायची तिला गरज नाही. जर्मन येत नाही बिचारीला, लाजते." आठ वर्षं तुमचा प्रबंध चालला होता आणि पुढेही तो कधी पुरा झाला नाही. घर चालायचं ते आई औषधांच्या फॅक्टरीत दिवसभर उभी राहून गोळ्यांच्या बाटल्या भरायची म्हणून. जर्मनचं म्हणाल, तर तिथल्या बायकांनी तिला गावची बोली अशी पक्की शिकवली होती की बेकरीवाला तिच्याशी वाद घालत नसे. तुमचं पुस्तकी जर्मन त्याला दोनदा ऐकावं लागायचं.

आई अर्धवट उठली. "आल्झो..." म्हणाली, बोलायला सुरुवात करताना इथले लोक म्हणतात तसं. तुम्ही नुसतं तिच्याकडे पाहिलंत. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे ती माहेरून घेऊन आली होती. ती खाली बसली. घरी जाताना माझा हात धरून एवढंच म्हणाली, "जाऊ दे. तुला माहीत आहे ना? मग झालं."

आज मी मुलांना सगळं खरं सांगितलं. फॅक्टरी सांगितली, बाटल्या सांगितल्या, तुमचा वाघ आणि ते कुत्रंही सांगितलं. मुलं खो खो हसली, आणि खरं सांगते, मला फार गोड वाटलं. मग एका मुलाने विचारलं, "मग तेव्हा तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं, "मी उभी राहिले आणि म्हणाले, माझी आई काम करते आणि तिला छान जर्मन येतं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. नातीने मान ताठ करून सगळीकडे पाहिलं.

मी उभी राहिले नव्हते, अण्णा. आईला रीत आडवी आली, मला काहीच आडवं येत नव्हतं. माझ्या शेजारी बसायची त्या मुलीचे वडील डॉक्टर होते, आणि माझी आई बाटल्या भरते हे तिला कळू नये असं मला वाटायचं. तुम्ही राणी म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं. आई उठली तेव्हा मी मनात म्हटलं, बस ना गं खाली. ती आधी तुमच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. त्यानंतर बसली.

खरं तर आज हे पत्र मी आईला लिहायला बसले होते. दोनदा तिचा मायना लिहिला, दोनदा खोडला.