चंद्राचं टॉनिक

भोर, ३ जानेवारी १९३८
आजपासून रोजनिशी. आजपासून बिअरही. पिण्यासाठी नव्हे, चंद्रासाठी.

चंद्रा, म्हणजे आमची मंडळी, दिवाळीपासून ताप-खोकल्याने बेजार. हवापालटाला माहेरी, उत्रोलीस पाठवली आहे. डॉक्टर म्हणतात, मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये न्या. त्यांना बोलायला काय जाते! आधी अंगात ताकद नको? नगरच्या कँपात कँटीनवर होतो तेव्हा सार्जंटची मडम रोज ग्लासभर काळी बिअर पिऊन आजारातून उठली. डोळ्यांनी पाहिले आहे. सार्जंट घरीच करी. आधी स्टार्टर: थोड्या गोड काढ्यात पाव फुगवायचे खमीर जागवायचे, फेस आला की मोठ्या भांड्यात सोडायचे. सोपे आहे. सातू मोडाला घातले.

अबकारीवाल्यांना कळवण्याची गरज नाही. औषध आहे.

संक्रांतीला उत्रोलीस जाणार. निश्चय.

८ जानेवारी
सातू वाळवून, भरडून काढा केला. बिअरला कडवटपणा आणणारी हॉप्स नावाची वस्तू भोरात कोणी ऐकलेलीही नाही. काडेचिराईत टाकले. कडू ते कडूच.

इस्माईल पाववाल्याने वाटीभर खमीर दिले. काम सायंटिफिक हवे. जंतू मरावेत म्हणून बरणी उकळली, बूच उकळले, खमीरही चांगले उकळून घेतले.

९ जानेवारी
फेस नाही.

१० जानेवारी
नाही. इस्माईलचा माल शिळा असणार.

११ जानेवारी
इस्माईलला जाब विचारला. कृती ऐकून तो पोट धरून हसला आणि दुसरी वाटी दिली. हसण्यासारखे काय होते, कळले नाही. या वेळी खमीर उकळले नाही. वेळ नव्हता.

थंडी फार. बरणी चंद्राच्या गोधडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवली.

१२ जानेवारी
मेव्हणा सोनबा आला. म्हणाला, आक्काला लई थंडी वाजतीया, तिची गोधडी मागितलीया. अन् दाजी, तुमी एकडाव येऊन जावा.

गोधडी कशी देणार? खमीर गारठेल. माझी नवी सोलापुरी चादर दिली. जास्त ऊबदार आहे. सोनबा बरणीकडे पाहत राहिला.

गोधडी आठवते म्हणजे हुशारी आली आहे. सुधारणा.

१४ जानेवारी, संक्रांत
गेलो नाही. रिकाम्या हाताने काय जायचे? शेजारच्या सगुणाबाई तिळगूळ द्यायला आल्या. विचारले, मंडळीकडं जाऊन आलासा का? म्हटले, रविवारी नक्की. उत्रोली काही पळून जात नाही.

तिळगूळ खाल्ला नाही. दात दुखतो.

१६ जानेवारी, रविवार, सकाळ
फेस!

बूच उडून फडताळावर आपटले. गोधडी भिजली. वास थेट सार्जंटच्या खोलीतला! चंद्रा पहिल्या घोटाला नाक मुरडणार, मग हसणार. होळीपर्यंत गालावर मांस दिसेल. मिरज-बिरज काही नको. आता आंघोळ करून निघतोच. फेस मात्र जरा खाली बसू दे.

१९ जानेवारी
रविवारी निघण्याआधीच सोनबा आला. मी त्याला ओढत चुलीपाशी नेले, फेस दाखवला, सार्जंटची सगळी हकिकत सांगितली. त्याने ऐकून घेतली. मग म्हणाला, दाजी, आक्का पहाटंच गेली.

उत्रोलीस पोचलो तेव्हा तिला हिरवे लुगडे नेसवून, मळवट भरून ठेवले होते. बायका म्हणत होत्या, अहेवपणी गेली, भाग्याची. चादर पायाशी घडी करून ठेवलेली. माझा दात दुखत नव्हता. काहीच दुखत नव्हते. मग एकदम सगळेच दुखू लागले आणि मी अंगणात सगळ्यांदेखत रडलो.

इकडे सगुणाबाईंनी सुतकाचे म्हणून घरातले सगळे पाणी ओतून टाकले. त्यात बरणीही गेली. विचारले नाही, बरे केले.

सासूबाईंना, धोंडाबाईंना, मी काल म्हटले, मी औषध करीत होतो, म्हणून राहिलो. त्या म्हणाल्या, जावईबापू, तिनं कवाच सांगितलं व्हतं. आये, त्यास्नी माजा खोकला ऐकवत न्हाई, म्हून येत न्हाईत. त्यास्नी बोल लावू नगं.

हे मी कुणालाच सांगितले नव्हते. इथेही लिहिले नव्हते.