रुख्मिणीबाईंच्या गोधडीवर सांडलेला रस्सा

अकोला,
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

चांदूर बाजारच्या आमच्या मनकर्णा आत्याबाईंना भाचा किशोर याचा वाकून नमस्कार (पाठीत उसण भरल्यामुळे सध्या सगळ्यांनाच वाकून करतो आहे, पण तुम्हाला मनापासून). तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी लावलेलं तेल चालू ठेवा, नाहीतर बदला, पण दोन्ही एकदम करू नका. गाय व्याली असेल. कालवड झाली असली तर आनंद, गोऱ्हा झाला असला तरी आनंदच. इकडे मी आणि साधना खुशाल आहोत. माझ्या नाकाची साल निघाली आहे, तेवढं सोडून. फोन न करता पत्र का लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. आत्याबाई, तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून ओट्यावर बसता, आणि मी ‘हॅलो’ म्हटलं की समोरच्या पिठाच्या गिरणीतून उत्तर येतं. पुढची हकिकत गिरणीत जाण्यासारखी नाही.

तर झालं असं. हिवरखेडच्या रुख्मिणीबाई आपल्या दुकानात गोधडी घेऊन आल्या. त्यांची लेक माधवी हिला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले आहेत, त्या लेकीच्या डोहाळजेवणासाठी बाईंनी सगळा हिवाळा बसून हातानं शिवलेली. मधोमध चौकोन, भोवती निळ्या-हिरव्या तुकड्यांची नक्षी, आणि टाके असे बारीक की माझ्या शिलाई मशीननं पाहिलं असतं तर लाजेनं बंद पडलं असतं. (ते तसंही बंद आहे. पण कारण वेगळं.) बाईंनी बजावलं, “किशोरभाऊ, हे धुवाची नाही जी. नुसती वाफेची इस्त्री मारा. एक थेंब पाणी लावू नोका.” मी छाती काढून म्हणालो, “काकू, माशी बसू देणार नाही!” असली वाक्यं आपल्या खानदानाला कोण शिकवतं देव जाणे.

बाई बसस्टँडकडे वळल्या आणि माशी आली.

आता खरं सांगतो, माझ्यासमोर काउंटरवर आलूबोंडा-रस्स्याची प्लेट होती. इस्त्रीच्या दुकानात रस्सा आणू नये, हे साधना लग्न झाल्यापासून सांगते आहे. पण कोपऱ्यावरच्या गाडीवरचा रस्सा गार झाला की त्याच्यातला जीव जातो, आणि वर घरी जाऊन खायचा म्हटलं तर साधना विचारते, “काहून, माह्या हातचं गोड नाही लागत काय?” म्हणून मी दुकानातच उरकतो. माशी बरोबर गोधडीच्या मधल्या चौकोनावर बसली. मी दिलेला शब्द पाळण्यासाठी पेपरची गुंडाळी करून जोरात मारली. माशी उडाली. प्लेटही उडाली. माशी खिडकीतून बाहेर गेली, प्लेट गेली नाही.

वर्षानुवर्षं मी लोकांचे डाग काढतो आहे, आत्याबाई. लग्नातल्या शेरवान्या, मास्तरांचे शाईचे खिसे, पुढाऱ्यांचे गुलाल. पण डाग गिऱ्हाइकाचा असला की मला सगळं सुचतं, आणि स्वतःचा असला की शिकलेलं सगळं उलटं करतो. हळदीच्या डागाला आधी साबण लावू नये, हे मी दहा जणांना शिकवलं असेल. तरी मी काय केलं? साबण लावला. पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. मी ओरडलो. साधना वरून धावत आली, तिला वाटलं माझं बोट इस्त्रीखाली गेलं. डाग पाहून ती म्हणाली, “बोट गेलं असतं तं परवडलं असतं.” तिनं लिंबू पिळलं, डाग पुन्हा पिवळा झाला. मला वाटलं निघतो आहे, म्हणून पुन्हा साबण लावला. पुन्हा लाल. असा आमचा खेळ बराच वेळ चालला. शेजारचे किसनराव (पंपाच्या दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं, आणि सल्ला प्रत्येक विषयावर आहे) दारात उभे राहून पाहत होते. शेवटी त्यांनी उपाय सांगितला, “रॉकेल टाक!” साधनानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते स्वतःच्या पंपाकडे परत गेले.

मग साधनानं मला स्टुलावर बसवलं, पाणी पाजलं आणि म्हणाली, “आता गिऱ्हाइकाची गोधडी आहे असं समजा.” मी म्हटलं, “गिऱ्हाइकाचीच आहे.” ती म्हणाली, “डागही गिऱ्हाइकाचाच समजा.” आत्याबाई, त्या एका वाक्यानं डोकं ताळ्यावर आलं. मी आधी पावडर शिंपडून तेल ओढून घेतलं, कोमट पाण्यानं तेवढाच भाग हलक्या हातानं धुतला. धुताना पार कोपऱ्यातही रस्स्याचा एक शिंतोडा दिसला, पिवळा, त्यावर लाल ठिपका. तोही काढला. काम करायचं तर पूर्ण, असा आपला बाणा. आता हळदीचा पिवळेपणा तेवढा उरला होता, आणि त्याच्यावर औषध एकच, ऊन. आणि ऊन म्हटलं तर अकोल्याशी कोण बरोबरी करणार? (अमरावतीचे लोक आपल्या उन्हाचं कौतुक करतात, करू द्यावं.)

गोधडी गच्चीवर नेली. पण बाकीचे रंग उडू नयेत म्हणून डाग सोडून सगळीकडे चादरी झाकल्या, आणि वाऱ्यानं चादर सरकली की नीट करायला डोक्याला दुपट्टा बांधून मी बाजूलाच उभा. डाग ओला राहिला पाहिजे, म्हणून मधून मधून पाणी शिंपडायचं. समोरच्या गच्चीवर माणिकबाई कुरडया वाळवत होत्या. त्यांनी हाक मारली, “काय जी किशोरभाऊ, कोणाची राखण करून राह्यले?” मी म्हटलं, “गोधडीले ऊन देऊन राह्यलो.” त्या म्हणाल्या, “अन् सोताले?” दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डाग असा गेला, की कुठे होता ते मलाच शोधावं लागलं. मी गच्चीवर एकटाच नाचलो. उसण तेव्हाच भरली.

तेवढ्यात खालून आवाज, “किशोरभाऊ कुठी गेले?” रुख्मिणीबाई ठरल्या दिवसाच्या आधीच आल्या होत्या. साधनानं त्यांना पन्हं दिलं, पंख्याखाली बसवलं, सगळ्या हिवरखेडची खुशाली विचारली. पण बाई शेवटी जिन्यानं वर आल्याच. गोधडी पाहिली, चौकोन पाहिला, मान डोलावली. मला वाटलं जिंकलो. मग त्यांनी कोपरा उचलला.

“इथली हळद कुठी गेली?”

तो शिंतोडा नव्हता, आत्याबाई. डोहाळजेवणाआधी माधवीच्या सासूबाई येऊन गोधडीला शुभ म्हणून हळदीकुंकवाचं बोट लावून गेल्या होत्या. आणि त्या सासूबाई अशा, की वाटीतलं वरण कोणत्या बाजूनं वाढलं तेही लक्षात ठेवतात. रुख्मिणीबाई कठड्याशी मटकन बसल्या. “विहीणबाई आल्याबरोबर कोपरा पाह्यतीन जी. इतल्या वर्षांनी लेकीच्या घरी पाळणा हालणार, अन् त्याहिचं निशाणच पुसलं. मी काय सांगू त्याहिले?” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्यानं राहवलं नाही. मी माशीपासून लिंबापर्यंत सगळं सांगून टाकलं. साबण पुन्हा पुन्हा लावला तेही सांगितलं. बाई ऐकत राहिल्या, गोधडीचा वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं. उन्हानं माझं तोंड लाल, नाक सोललेलं, वर पांढरी पावडर. त्यांचे ओठ हलायला लागले. “गोधडीवरचा डाग तोंडावर घेतला काय जी?” म्हणाल्या, आणि अशा हसल्या की माणिकबाईंनी पलीकडून कुरडयांचं पातेलं खाली ठेवलं.

हळदीकुंकवाचं बोट पुन्हा साधनानं लावलं, रुख्मिणीबाईंनी जागा दाखवली तिथेच. बाईंनी आम्हा दोघांना हट्टानं डोहाळजेवणाला नेलं. मी मांडवात असा बसलो होतो, जणू बारावीचा निकाल लागायचा आहे. विहीणबाई आल्या, पाणीही न पिता गोधडीचा कोपरा उचलला, डोळ्यांजवळ नेला, आणि सगळ्या बायांना दाखवून म्हणाल्या, “पाहा, माहं बोट कसं पक्कं बसलं!” माधवीच्या मांडीवर गोधडी पसरली तेव्हा ती चौकोनावरून हात फिरवत होती, अगदी त्याच जागेवरून. मला तिथं एकदम गहिवरून आलं आणि साधनानं चिमटा काढला. रुख्मिणीबाईंनी ही गोष्ट ‘कोणाले सांगू नोका’ म्हणून फक्त एकीला सांगितली. आता विहीणबाई सोडून सगळ्या हिवरखेडला माहीत आहे.

बाकी सगळं क्षेम. तब्येतीला जपा. पाणी माठातलंच प्या.

तुमचा लाडका (असं मी समजतो)
किशोर

ता. क. — त्या दिवसापासून लोक आपल्या दुकानात गोधड्या घेऊन येत आहेत. हळदीच्या, आंब्याच्या, लेकरांच्या, सगळ्या डागांच्या. आमची गच्ची भरली, माणिकबाईंची भरली, किसनरावांनी पंपावर टाकायला परवानगी दिली पण गोधड्यांना ग्रीस लागलं. तुमची गच्ची मोठी आहे आणि मोकळी आहे, एवढंच सहज आठवलं.

दुसरा ता. क. — हे पत्र तुमच्या हातात देणारा अमोल हा जीपवाला आहे. त्याला चहा द्या. तुम्ही इथवर वाचेपर्यंत त्यानं अर्ध्या गोधड्या ओट्यावर उतरवल्या असतील, उरलेल्या उतरवायला कोणाला तरी हाक मारा.

तिसरा ता. क. — साधनाला मी सांगितलं आहे की तुम्ही आनंदानं ‘हो’ म्हणालात. संध्याकाळी ती आभार मानायला फोन करणार आहे. कृपा करून दचकू नका.