तारेच्या आधी

५ डिसेंबर १९७१
(गावाचं नाव लिहायची परवानगी न्हाई)

सौ. अंजनास जोतीरामचा भरभरून आशीर्वाद.

वि. वि. मी खुशाल हाय, हात-पाय जागच्या जागी हायत, एवढं आईला वाचून दाखव. फुडचं तू एकटी वाच.

लढाई पेटल्याचं रेडिओवर ऐकलंच असशील. आमची तोफ विमानतळाच्या कडेला हाय. काल दिवसात शत्रूची विमानं तीनदा आली. सकाळी चहा तोंडाला लावतोय तवर पहिला बाँब धावपट्टीवर पडला, विहिरीएवढा खड्डा. दुसऱ्यांदा आली ती थेट आमच्या अंगावर. माणदेशातला सिद्धू तुला आठवतो ना? सुट्टीत आपल्याकडं आला, तवा सात भाकरी खाऊन तुला पुन्हा पीठ मळायला लावलं तो. तोफेत गोळे भरायचं काम त्याचं. बाँबचा तुकडा त्याच्या बरगडीत घुसला. तरी हातातले गोळे त्यानं भरले आणि मगच खाली बसला. त्यातलं एक विमान धूर सोडत गेलं. सिद्धू राहिला न्हाई. तिसऱ्या खेपेला विमानं आली तवाबी तोफ चालू होती. दुपारी खड्डा बुजवला आणि आपली विमानं उडाली.

आता काम सांगतो. सिद्धूच्या गावी तार जाईल, पण घराला कुलूप हाय. बाप अर्जुना आणि आई तानुबाई मेंढरं घेऊन पाटणच्या बाजूला गेलीत, एवढंच त्यानं सांगितलं होतं. तारेची बातमी फुटंल आणि भर बाजारात त्यांना कुणीतरी सहज सांगंल. तसं व्हायला नको. आबांना घेऊन जा, त्यांना हुडक. आपल्या माणसानं सांगावं.

लहानांना गोड पापा. लोभ हाय तो वाढू दे.
जोतीराम

१६ डिसेंबर १९७१
कडेगाव

घरधन्यांच्या चरणी अंजनाचा दंडवत.

वि. वि. पत्र सहा दिवसांमागं पोचलं. त्याच दिवशी आपल्या उसाला तोड आली होती. ती नाथाजीभावजींवर सोपवली आणि आबांबरोबर पहिली एस.टी. धरली. आई लय रागावल्या, बायामाणसानं असं रानोमाळ हिंडायचं व्हय, म्हणाल्या. मी भाकरी बांधून घेतल्या.

पाटणच्या बाजारात कुणाला ठाऊक न्हाई. एका लोकरवाल्यानं तारळ्याकडं बोट दाखवलं. दोन दिवस चाललो. आबांचा गुडघा सुजला, तरी मागं फिरू म्हणाले न्हाईत. तिसऱ्या दिवशी, सकाळी, नांगरलेल्या शेतात मेंढरं दिसली.

तानुबाई नुकत्या झालेल्या कोकराला पुसत होत्या. त्यांना वाटलं, आमी शेतकरी, खतासाठी मेंढरं बसवायला बोलवाय आलोय. म्हणाल्या, अजून पाच दिवस हितंच ठरलंय, मग तुमच्याकडं येऊ. आबांनी डोईची टोपी काढून हातात धरली. मग मीच खाली बसले. त्यांचा हात धरला आणि तुमी लिवलंय तसंच सगळं सांगितलं, काई झाकलं न्हाई.

अर्जुनामामा मेंढरांत जाऊन पाठमोरे उभे राहिले. तानुबाई लय रडल्या. मग डोळं पुसून मला एकच विचारलं, पोरगं खाली बसल्यावर त्याच्या जागी कोण उभं राहिलं? मला ठाऊक नव्हतं. विचारून सांगते म्हणाले. तेवढं लिवा.

दोन दिवस मी तितं राहिले. भाकरी मी केल्या, मेंढरं आबांनी वळली.

तब्येत सांभाळा. माया असावी.
आपली अंजना

२० डिसेंबर १९७१

सौ. अंजनास अनेक आशीर्वाद.

वि. वि. लढाई थांबली. तुझं पत्र मी साऱ्या तोफेवाल्यांना वाचून दाखवलं.

तानुबाईंना सांग, सिद्धूच्या जागी आमचा स्वैपाकी भाऊसो उभा राहिला. तोफेला त्यानं कवा हात लावला नव्हता. कणकेचा हात पँटीला पुसला आणि पळत आला. गोळा कसा उचलायचा ते त्यानं रोज सिद्धूचं बघितलं होतं. तिसऱ्या खेपेला पंधरा मिनिटं त्यानंच भरलं. हात भाजले, पण एक गोळा खाली पडला न्हाई.

जानेवारीत मला सुट्टी मिळतीय. भाऊसोबी संगं येतोय. आधी तानुबाईंकडं जाणार, मग घरी. रागावू नकोस. तवर मेंढरं कुठल्या शिवारात असतील, तेवढं विचारून कळव.

तुझा
जोतीराम