डावा मागचा दरवाजा

अण्णा, आपली गाडी सापडली. पुण्याच्या पलीकडे एका माणसाच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. रंग आता बदामी आहे, त्याआधी काळा होता, त्याच्याही आधी लाल, आणि एका मालिकेत तर तिला वरून पांढरी नि खालून निळी केली होती. ती पाहून तुम्ही दोन दिवस जेवला नसतात. इंजिनही आपलं राहिलेलं नाही, कुठल्याशा डिझेल गाडीचं बसवलंय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचं मन तिथं अडकून राहायचं नाही. तुम्ही जाऊन तीस वर्षं होत आली, तरी वाईट बातमी पहिल्यांदा सांगायची तुमची सवय माझ्या अंगातून गेली नाही. गिऱ्हाईक आलं की गाडीचं काय काय गेलंय ते तुम्ही आधी सांगायचात, आणि काय शिल्लक आहे ते त्याचा चहा पिऊन झाल्यावर.

गाडी मी कशासाठी शोधत होते ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मला त्या गाडीच्या पोटातलं काकूंचं ताट हवं होतं.

बार्शी नाक्याजवळचं आपलं गॅरेज, मागे दोन खोल्या, आणि भिंतीला भिंत लावून काकूंचं घर. अंगणातल्या भिंतीतली एक वीट निघाली होती, तिथून वाट्या, ताटल्या, पळीभर विरजण, भांडणं सोडून सगळं इकडून तिकडे जायचं. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आई आणि काकू दोघींचा नेम. त्यामुळे काकूंकडून ताट आलं की घरात काही गोडधोड होईपर्यंत ते आपल्याच फळीवर पडून राहायचं. त्यांचं ते पितळेचं जाड ताट असंच आलेलं. त्यांच्या आईनं रुखवतात दिलेलं, पाठीमागे मधोमध आईचं नाव कोरलेलं. काकूंची आई त्यांच्या लग्नानंतर वर्षाच्या आत वारली होती, आणि आईच्या हातचं म्हणावं असं त्यांच्याकडे तेवढं एकच होतं. असं ताट त्यांनी माझ्या आईकडे धाडावं, यातच काय ते आलं.

त्या वर्षी टीव्हीवाले कपिलधारला उतरले होते. मालिकेतल्या डॉक्टरसाठी त्यांना जुनी गाडी पाहिजे होती, आणि कुणीतरी त्यांना तुमची लँडमास्टर दाखवली. भंगारातून आणून तुम्ही चार वर्षं खपून उभी केलेली. लग्नसराईत अख्ख्या बीडचे नवरदेव तिच्यात बसायचे. संध्याकाळी चार वाजता माणूस गाडी न्यायला येणार होता आणि दुपारी तुमच्या ध्यानात आलं, की मागच्या सीटपुढचा सडका तळ अजून तसाच आहे. नवरदेवाच्या पायाखाली तुम्ही फळी टाकून भागवायचात, पण इथं उंच टाचांच्या चपला घालून नटी बसणार. बाजार बंद, पत्रा कुठं मिळेना. आई आणि काकू मिळून नारायणगडाला गेल्या होत्या, एकाच टेम्पोनं. मी तेरा वर्षांची, चुलीपाशी भाकरी थापत होते. तुम्ही दारातूनच विचारलंत, "एखादं जाड ताट हाय का गं घरात?" मी फळीवरचं काढून दिलं. तुम्ही काठ ठोकून सपाट केलात, रिबिटा मारून सडक्या जागेवर बसवलंत, खालून डांबर फासलं. चारला माणूस आला. पंधरा दिवसांत आणून सोडतो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी काकूंनी भिंतीवरून हाक मारली. त्यांचा भाऊ यायचा होता.

"माझं ताट दे गं तेवढं."

"दिलं न्हाई का तुला? धपाटे घालून दिलंतं की परवा," आई म्हणाली.

"ते स्टीलचं. मी माझ्या आईचं म्हन्ते."

"सगळंच दिलंय. माझ्याकडं काय न्हाई तुझं."

दोघीही हसत होत्या अजून. मग आईनं फळीवर पाहिलं, पेटीत पाहिलं, आणि तिचं हसू गेलं. ती मानी बाई. तिनं घरातलं एकूण एक भांडं अंगणात आणून ओतलं. तो आवाज मला आजही नको वाटतो. "ये, हुडक. घावलं तर मग बोल." आणि काकू, ज्या आयुष्यात कधी वाकडं बोलल्या नव्हत्या, त्या बोलून गेल्या, "आता घरात कशाला घावंल?"

गल्ली जमली होती. आईनं मला ओढून पुढे घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हिची शपथ घिऊन सांगते, त्ये ताट माझ्या घरात न्हाई." तिच्या हाताला राखेचा वास येत होता. तुम्ही गॅरेजच्या दारात हात पुसत उभे होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तुमच्याकडे. मग तुम्ही आत गेलात.

संध्याकाळी एवढंच म्हणालात, "गाडी यिऊ दे. आली की काढून देतो. तवर गप ऱ्हा."

गाडी आली नाही. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष. तुम्ही पत्रं घातलीत, पत्ता बदलल्याचा शिक्का मारून ती परत आली. मालिका लागली तेव्हा आपण सगळे गल्लीतल्या एका घरच्या टीव्हीपुढे बसलो, तर डॉक्टर आपल्या गाडीतून उतरतोय, आणि तुम्ही गाडीकडे न बघता तिच्या तळाकडे बघताय. ते फक्त मला कळलं. भिंतीतलं भोक आईनं स्वतः चिखल कालवून बुजवलं. दोघी एकमेकींशी पुन्हा बोलल्या नाहीत. तुम्ही गेलात, पुढे आई गेली. आई गेली त्या दिवशी काकू दारापर्यंत आल्या, उंबऱ्यापाशी थांबल्या आणि माघारी फिरल्या. मी त्यांना आत या म्हणू शकले असते. मी जमलेल्या बायकांचे पाय मोजत राहिल्यासारखी खाली बघत बसले.

मला तुमचा राग होता, अण्णा. मोठं माणूस तुम्ही होता. एका वाक्याचं काम होतं. पुढे मला मूल झालं नाही, तेव्हा डॉक्टरांनी कारणं सांगितली, पण माझ्या मनात आईचा तो हात यायचा. मराठी शिकवणारी बाई मी, वर्गात अंधश्रद्धेवर निबंध लिहून घ्यायची, आणि घरी येऊन हे असलं मानायची. हे गेले तेव्हा तर वाटलं, आता शपथेनं घर रिकामं करायला घेतलं. सहा वर्षं झाली त्याला. मुदतीआधीच निवृत्तीही घेतली. घरात आता माझाच आवाज, तोही मिक्सर बंद केल्यावर भाजीवाल्याला थांब म्हणण्यापुरता.

टीव्ही लावून ठेवायची सवय अशीच लागली. ऐकायला माणसं असावीत म्हणून. एका दुपारी कुठली तरी मालिका चालू होती, सून रडत रडत घर सोडून निघालेली, दारात जुनी लाल गाडी. तिनं मागचा डावा दरवाजा उघडायला मूठ खाली दाबली. उघडेना. पुन्हा दाबली. मग वैतागून वर उचलली आणि दार उघडलं. मी हातातली शेंगांची परडी खाली ठेवली. त्या दाराची मूळ मूठ तुटल्यावर तुम्ही टेम्पोची बसवली होतीत, आणि ती उलटी बसली होती. प्रत्येक लग्नात नवरदेव तिथं अडायचा, वरात थांबायची, बायका तोंडाला पदर लावायच्या आणि तुम्ही पुढून म्हणायचात, "वर उचला, नवरदेव, वर." तीस-पस्तीस वर्षांत एवढे मालक झाले, रंग झाले, इंजिन बदललं, पण ती मूठ कुणी सुलटी केली नाही.

मग मला नादच लागला. फोनवर जुन्या मालिका बघायच्या, गोष्ट सोडून द्यायची, गाडी दिसली की थांबवायची, दार उघडताना माणूस अडतो का ते बघायचं. तीन वर्षं. वही केली. अमुक मालिका, वकिलाची गाडी, काळी, अडला. तमुक मालिका, खलनायक, अडला आणि शिवी तोंडातल्या तोंडात गिळली. एका ठिकाणी तर नायिका नवऱ्याच्या मयतीला निघालीये, मागे सनई चालू, आणि दार काही उघडेना. मी एकटीच खुर्चीत बसून इतकी हसले की शेजारची बाई विचारायला आली. तिला काय सांगू? हसताना तुमचा आवाज ऐकू येत होता आणि मग मला रडू आलं, तेही सांगण्यासारखं नव्हतं. जुन्या गाड्यांच्या नादिष्ट लोकांचा फोनवर एक गट आहे, तिथं मी एकटी बाई. मुठीचं लिहिलं तर एकानं कळवलं, ही गाडी भाड्यानं देणारा मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात एसटीनं गेले. मालक भला माणूस होता, पन्नाशीचा. शेडमध्ये दहा-बारा गाड्या होत्या, धुळीचा आणि जुन्या रेक्झिनचा वास. मी थेट आपल्या गाडीच्या मागे गेले, मूठ वर उचलली आणि दार उघडलं.

तो म्हणाला, "ताई, हे पहिल्या फटक्यात आजवर कुणाला जमलेलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या वडिलांनी बसवलीय," मी म्हटलं. त्यानं खुर्ची आणून दिली.

मी मागच्या सीटपुढचं ताट मागितलं, तेव्हा रिबिटा त्याच्या कारागिरानं काढल्या. म्हणाला, पक्कं काम आहे, तळाला बाकी सगळीकडे दोनदा वेल्डिंग झालंय, एवढी जागा शाबूत. डांबर रॉकेलनं पुसत पुसत मी नाव मोकळं केलं. एकेक अक्षर निघत गेलं, तसतशी मला वर बघायची लाज वाटत गेली. त्यानं ताटाच्या जागी पत्रा मारून दिला, आणि मी पिशवी मांडीवर घेऊन बीडला परत आले.

काकू आता धाकट्या मुलाकडे असतात, पेठेत. गुडघे गेलेत, डोकं लख्ख आहे. मी गुरुवारी सकाळी शेंगपोळ्या केल्या, ताट चिंचेनं घासलं, कडेनं रिबिटांची भोकं राहिलीत, ती पोळ्यांनी झाकली, आणि नेलं. त्यांनी पोळ्या बाजूला काढल्या, ताट पालथं केलं आणि नावावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिल्या.

"भरून आनलंस व्हय," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कुठं घावलं?"

मी सांगितलं. गाडी, सडलेला तळ, टीव्हीवाले. त्या ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हंजे तुझ्या आईच्या घरात न्हवतंच त्ये. ती खरं बोलत व्हती." आणि पदर डोळ्यांना लावून लहान मुलीसारख्या रडल्या. "मी तिला लई वंगाळ बोलले गं. दारातून माघारी आले मी. कावून आले?"

मी त्यांचा हात धरून बसले. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "पन ताट दिलं कुनी तुझ्या अण्णांच्या हातात?"

आता ऐका, अण्णा. हे लिहायला बसले ते याच्यासाठीच. मी म्हटलं, "त्यांनी स्वतःच फळीवरून काढलं. घाईत बघितलं नाही."

काकू म्हणाल्या, "मानूस चांगला व्हता. पन गप बसला, ह्ये वाईट केलं." मी मान हलवली. हो म्हटलं.

डांबर फासताना नाव तुमच्या डोळ्यांसमोर होतं. गाडीखालून निघून तुम्ही चुलीपाशी आला होता, काहीतरी विचारायला तोंड उघडलंत आणि पाणी मागून प्यालात. नंतर आईनं शपथ घेतली तेव्हा तुम्ही बोलला असता, तर पहिला प्रश्न हाच आला असता, की ताट काढून दिलं कुणी. तुम्ही कुणासाठी गप राहिलात ते मला पन्नाशी ओलांडल्यावर, काकूंच्या बाजेवर बसून, तुमच्या नावानं खोटं बोलून झाल्यावर कळलं.

हे पत्र गाड्यांच्या वहीत घालून ठेवणार आहे. काकूंकडे पुन्हा जाईन, भरल्या ताटाची परतफेड करायची म्हणून त्यांनी मला पुढच्या गुरुवारी बोलावलंय. तेव्हा खरं सांगेन की नाही, माहीत नाही. इथं सांगते. फळीवर त्या दिवशी दोन जाड ताटं होती, एक त्यांचं आणि एक आपलं. मी दोन्ही हातात घेतली, पालथी केली, नावं वाचली. आपलं गेलं तर आई रागावेल म्हणून आपलं परत ठेवलं. ते अजून आहे माझ्याकडे. आज दुपारी त्यातच जेवले.